मुक्कामी गाडीचा हिशोब

भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर
आम्ही नागपूर आखलं.
मी, डिंपल,
आणि मडाव्यांची त्रिवेणी,
जिनं सगळा नाच शिकला
ग्रामपंचायतीच्या काळ्या काचेसमोर,
रविवारी, ऑफिस बंद असताना.

सहा पोरं आहेत त्या गटात. शनिवारी
चौथ्याचा वाढदिवस. हानूल.
धरमपेठेत एका कॉफीच्या दुकानात
त्याचे फोटो लावणार, केक कापणार,
पहिल्या तीस जणींना
त्याचा चेहरा छापलेला कागदी कप.
आम्हाला तीनच पाहिजेत.

पहाटे साडेपाचची इथून,
रात्री मुक्कामी आलेली असते तीच गाडी.
आर्वीला उतरायचं, तिथून नागपूर.
बायांना अर्धं तिकीट, म्हणजे
तिघींचं मिळून दीड.
डिंपल म्हणाली, दीड माणूस चाललं बे आपलं पाहायला.

कार्यक्रम दोनला.
तीनला गणेशपेठ गाठलं तर
सातची मुक्कामी सापडते आर्वीत.
मधे रस्ता चुकणं : वीस मिनिटं धरली.
मधे एकदा बाथरूम शोधणं.
खाली रेघ मारली, वजाबाकी केली,
उरला अर्धा तास.
त्या अर्ध्या तासासाठी आम्ही
तीन रविवार कापूस वेचलाय,
बोंडांनी नखांच्या कडा अजून चुरचुरतात.

त्यांच्या लिपीत ळ नाही.
पळसगोंदी लिहायला बसलं की
पलसगोंदी होतं.
त्रिवेणी म्हणाली, चालते,
ळ घरीच ठेवून जाऊ, आजीजवळ.

आईला सांगताना मी तांदूळ निवडत होते,
म्हणजे नजर खाली ठेवायला कारण.
‘कोन हाय तो?’
हानूल. म्हणजे आभाळ, त्यांच्या भाषेत.
‘म्हंजे आकाश. मंग बोंद्र्याच्या आकाशनं काय घोडं मारलं?’
मग बराच वेळ सूप पाखडण्याचा आवाज.
‘येनार हाय काय तो तिथं?’
नाही.
‘फोनवर बोलनार?’
नाही.
मला वाटलं, झालं, संपलं नागपूर.
तर ती सूप खाली ठेवून म्हणाली,
‘ज्याची जयंती असते तो कधी येते काय स्वतः?
तरी मंडप टाकतोच ना आपन.
डबा घेऊन जा. बाहेरचं महाग असते.’

मुक्कामी गाडीचे कंडक्टर डोंगरे काका
समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी झटकत होते.
आम्ही चहा नेला, बिस्किटं नेली, विनंती नेली.
‘सात म्हंजे सात.
सात-पाच माह्या हातात हाय. सात-दहा नाई.’
वहीत लिहून घेतलं : अधिक पाच मिनिटं.
ती कुठे खर्च करायची
यावरून डिंपल आणि त्रिवेणी भांडल्या.

तिथं सगळ्या जणी दिव्याच्या कांड्या हलवतात.
खरी कांडी
आमच्या सहा महिन्यांच्या कापसाएवढी.
म्हणून बाबांची ओलिताची ब्याटरी घेतली,
तोंडाला दह्याचा रिकामा डबा,
वर आकाशकंदिलाचा हिरवा जिलेटिन कागद,
फेविक्विकनं घट्ट.
बाबांना सांगायचं राहिलं.

शुक्रवारी रात्री अकराला लाइन आली.
बाबा उठले, मफलर गुंडाळला,
खुंटीवरून ब्याटरी काढली, गेले गव्हात.
मी स्लॅबवर धावले तोवर
दूर नाल्याच्या अंगाला
एक हिरवा गोळा हलत होता,
या दांडावरून त्या दांडावर,
खाली वाकायचा, थांबायचा, पुन्हा वर.
ठेका अजिबात नव्हता त्याला.

फोन वाजला. मला वाटलं, आता ऐकायचं.
‘काय लावलं हे त्या ब्याटरीले?’
मी गप्प.
‘डोळ्याले बरं वाटते पन,’ बाबा म्हणाले.
‘पाटातली बेडकं काय घाबरून राह्यली.
सकाळी चार वाजता आनून देतो, थांबजो.’

गजर पावणेचारचा लावला.
झोप कोणाला.